हसून सांगितलेलं वादळ

"मुकादम म्हणाला, रेडिओवरची बाई हसत हसत सांगतेय, म्हणजे तसं काही नसणार," धाकटा फोनवर म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. तिच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत येऊन थांबला. सकाळ होती, पण नावालाच. स्वयंपाकघरातली भिंत रात्रभर साठवलेलं ऊन अजून परत देत होती, नळाला पाणी येत होतं तेही कोमट. धाकटा रोजच्यासारखा क्रेनवर चढायच्या आधी तिला फोन करत होता, कारण फोन खाली मुकादमाच्या टेबलावर ठेवूनच वर जावं लागे. काल दुपारी ढग चढून आले, एकदोनदा चमकलंसुद्धा. याने वरून वॉकीटॉकीवर विचारलं, उतरू का. मुकादमाने आपल्या पत्र्याच्या खोलीतल्या रेडिओचा आवाज मोठा केला, हवामानाची बातमी ऐकली आणि सांगितलं, बस निवांत, चालू दे काम. "मग झालं तरी काय?" धाकटा म्हणाला. "वारा आला, गेला. मला वर झोका मिळाला फुकटात." "दात काढू नकोस," ती म्हणाली. "आज ढग दिसले की उतर. कुणाला विचारत बसू नकोस." "न विचारता उतरलो तर उद्या वर दुसरा बसेल, ताई. आणि खरं सांगू? तू आत्ता रागावलीस ना, तरी मला वाटतंय मला काहीतरी बक्षीस लागलंय." फोन बंद झाला. चहावर साय धरली होती, ती तिने बोटाने बाजूला केली आणि चहा तसाच मोरीत ओतून टाकला.

हे हसू तिचं नव्हतं, नोकरीबरोबर मिळालेलं होतं. पहिल्याच दिवशी जुन्या साहेबांनी, ज्यांनी तिला रेडिओवर घेतलं त्यांनी, मायक्रोफोनच्या दांडीला तळहाताएवढा गोल आरसा चिमट्याने अडकवला आणि सांगितलं, "ऐकणाऱ्याला आपलं तोंड दिसत नाही असं समजू नका, बाई. गाल वर असले की आवाज वर असतो. वाचताना इथे बघत जा. हसू गेलं की ऐकणारा गेला." तिने ते इतकं मनावर घेतलं की थोड्याच दिवसांत आरशाकडे बघायची गरज उरली नाही. हवामानाच्या बातमीचं नाव 'झुळूक' होतं, हळूहळू तेच तिचं झालं. कार्यालयात झुळूक, बँकेत झुळूक, दातांच्या डॉक्टरकडे झुळूक. आडनाव विचारणारं कुणी राहिलं नाही. नवऱ्याने सुरुवातीला या आवाजाचं चारचौघांत कौतुक केलं आणि मग हात टेकले. "तुझ्याशी भांडायचं तरी कसं?" तो म्हणायचा. "मी तावातावाने बोलायचं आणि तू मला कूलर विकायचा." शेवटच्या भांडणात ती खरोखर थरथरत होती, जा म्हणत होती, बॅग तिनेच दाराशी नेऊन ठेवली होती, आणि तो दारातून वळून म्हणाला, निदान आता तरी हसू नकोस. तो गेला याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आपण त्याला घालवलं हे त्याला कळलंच नाही, हे मात्र लागून राहिलं. त्याच्या लेखी तो निघून गेला होता आणि बायको खुशीत होती.

आणि बाबा गेले तेव्हा तर कहरच झाला. रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून तिने आत्याला फोन लावला होता. "आत्या, बाबा गेले." पलीकडून आत्याचा वैतागलेला आवाज आला, "सकाळी सकाळी ही कसली थट्टा गं?" तिने पुन्हा सांगितलं. किती वाजता गेले तेही सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि जितकं सांगावं तितकी आत्या भडकत गेली. लाज कशी वाटत नाही, म्हणाली. तेव्हा धाकट्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि नुसतं "आत्या" म्हणाला. एवढंच. पलीकडून जो हंबरडा फुटला तो दोन हात लांब उभ्या असलेल्या तिलाही ऐकू आला. बापाचं मरणसुद्धा आपल्या तोंडून कुणाला खरं वाटू नये, याचा तिला तेव्हा राग आला नव्हता, फक्त शरम वाटली होती. तेराव्याला जमलेल्यांत कुणीतरी आत्याची समजूत काढताना म्हणालं, तिचा आवाजच तसा आहे हो, ती तरी काय करणार. ती तरी काय करणार, हे तिने पुढे स्वतःलाच इतक्यांदा ऐकवलं की ते तिला पटलं होतं. आज सकाळी मात्र, मोरीत चहा ओतताना, ते वाक्य तिला पटेना.

रस्त्यावर उतरली तर डांबर चपलेला धरून ठेवत होतं. सिग्नलला थांबलेली माणसं दिव्याच्या खांबाच्या चिंचोळ्या सावलीत एकामागे एक उभी होती, ओळखपाळख नसताना एकमेकांच्या पाठीला लागून. समुद्र इथून इतका लांब की त्याचा वारा वाटेतच सुकून जायचा. गेले आठ-दहा दिवस रोज हेच चाललं होतं. दुपारी ढग फुगून वर चढायचे, लोक माना वर करायचे, आणि संध्याकाळी आकाश पुन्हा कोरडं ठणठणीत. रोज ती सांगायची, विजांसह पावसाची शक्यता आहे, आणि रोज लोक म्हणायचे, झुळूक काय, बोलायला गोड. बसच्या खिडकीतून क्रेन दिसत होत्या. नदीपलीकडच्या अर्धवट इमारतींवर त्या पाच-सहा उभ्या होत्या, आणि त्यातली पिवळी, सगळ्यांत उंच, ती धाकट्याची. इतक्या लांबून केबिन दिसायची ती खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीएवढी. एकदा रविवारी त्याने तिला तिथे नेऊन खालून सगळं समजावून सांगितलं होतं. मी वर असलो ना ताई, की हा आडवा हात माझ्या हुकमात. मी म्हणेन तिथे वळणार, म्हणेन तिथे थांबणार, वारा कितीही रेटू दे. पण उतरताना ब्रेक सोडून यायचं. हात मोकळा ठेवायचा. वारा जाईल तिकडे जाऊ द्यायचा, नाहीतर वादळात अख्खी क्रेन आडवी होईल. म्हणजे लांबून बघून कळतं, ती म्हणाली होती, तू वर आहेस की खाली. तो म्हणाला होता, कळतं की, पण बघतंय कोण.

ती बघत होती. लहानपणापासून तेच तर करत आली होती. हा चालायला लागला तोच चढायला लागला. कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, शेजारच्यांच्या पत्र्यावर. आई कामावर, बाबा कामावर, आणि ती खाली उभी. तेव्हा तिला एकच गोष्ट यायची. पोटातून एक आवाज काढायची, "खाली ये!" आणि हा कितीही वर असला, कितीही मस्तीत असला, तरी मुकाट्याने उतरायचा. दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही. बाबा म्हणायचे, पोरीचा आवाज माझ्यावर गेलाय, कारखान्याच्या भोंग्यासारखा. तो आवाज कुठे गेला? तिने बसमध्ये, कंडक्टर तिकिटं फाडत असताना, ओठ न हलवता तो काढून पाहिला. शेजारच्या बाईने वळून बघितलं आणि छानसं हसली. तिच्या गालांवर हसू होतंच, न बोलवता आलेलं. तिला उठून त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटलं. ती नुसती सरकून बसली.

वेधशाळेतल्या माणसाचा फोन नेहमीच्या वेळेला आला. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. रोज कोरड्या आवाजात मजकूर सांगायचा, ती उतरवून घ्यायची, तो ठेवून द्यायचा. आज मजकूर लांब होता. अंतर्भागात उष्णतेची लाट कायम, दुपारनंतर विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, उघड्यावर आणि उंचावर काम करणाऱ्यांनी वेळीच सुरक्षित जागी जावे. तिने विचारलं, "आज नक्की आहे का हो?" इतक्या वर्षांत तिने त्याला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. तो गडबडला. "नक्की म्हणायची आम्हाला सोय नसते, बाई. शक्यता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी मघाशी घरी फोन करून बायकोला गच्चीवरचे कपडे काढायला सांगितलेत. रोज नाही सांगत."

नवे साहेब, म्हणजे आताचे कार्यक्रमप्रमुख, कागदावर लाल पेन घेऊनच बसलेले असत. वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान, शर्ट मात्र इस्त्रीचा, या उकाड्यातसुद्धा. संध्याकाळी मैदानावर रेडिओचा गाण्यांचा जलसा होता, त्याच्या पाट्या शहरभर लागल्या होत्या. त्यांनी 'सोसाट्याचा' खोडलं. मग अख्खी शेवटची ओळ खोडली. "कूलरच्या जाहिरातीला जागा हवी," ते म्हणाले. "आणि झुळूकताई, आज जरा जास्तच प्रसन्न वाचा. लोक मैदानावर यायला हवेत. उकाडा आपण विकायचा असतो, त्याने घाबरवायचं नसतं." "उंचावर माणसं काम करतायत," ती म्हणाली. "असतील की. त्यांना दिसतं आकाश आपल्यापेक्षा जवळून." ते स्वतःच्या विनोदावर हसले. "आकाश दिसतं. पण उतरायची परवानगी रेडिओ ऐकून मिळते," ती म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, कानशिलं तापली होती, आणि साहेब मान डोलावत म्हणाले, "बघा, हाच सूर. अगदी हाच धरा."

तिने व्हरांड्यात जाऊन साइटवर फोन लावला. मुकादमाने उचलला, पाठीमागे काहीतरी धडधडत होतं, आणि त्याच गोंगाटात तिचाच रेडिओ, कुठलंसं गाणं लावून. "मी रेडिओवरून बोलतेय," ती म्हणाली. "पिवळ्या क्रेनवर आहे त्याची बहीण. आज वादळ येणार आहे. त्याला खाली घ्या. सगळ्यांनाच घ्या." "अरे वा, झुळूकबाई!" मुकादम म्हणाला, आणि फोनवर हात न ठेवताच ओरडून कुणालातरी सांगितलं, अरे झुळूकबाईंचा फोन आहे, आपल्याला! "बाई, तुमचा आवाज कानावर पडला ना की दिवस बरा जातो बघा. भाऊ काय, राजा आहे आमचा. वर मजेत बसलाय." "मी थट्टा करत नाही. तो मरेल तिथे." "तुमच्या तोंडात साखर पडो," मुकादम हसत हसत म्हणाला, कारण त्याने शब्द ऐकलेच नव्हते, सूर ऐकला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. तिने फोन ठेवला आणि व्हरांड्याच्या खिडकीला कपाळ टेकलं. काच तापलेली होती. नदीपलीकडे आकाशाचा रंग गढूळ पिवळा झाला होता आणि त्याच्यामागून काळं काहीतरी वर येत होतं, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं. पिवळ्या क्रेनचा हात ताठ होता. वारा सुटला होता, खालची झाडं एका बाजूला झुकली होती, आणि तो हात हलत नव्हता.

भीतीच्या शेजारीच तिच्या आत दुसरं काहीतरी होतं, जुनं, कित्येक वर्षांचं, घट्ट दाबून ठेवलेलं. नवऱ्याच्या तोंडावर मारायची राहून गेलेली बॅग होती. आत्याला द्यायची राहून गेलेली शिवी होती. ती तरी काय करणार, म्हणणाऱ्याचं ते वाक्य होतं. ती तरी काय करणार? तिने खिडकीवरून कपाळ काढलं. काचेवर घामाचा गोल डाग राहिला होता, तो तिने पुसला नाही.

स्टुडिओत थंड होतं, बाहेरच्या उकाड्याचा तिथे पत्ताच नसे. काचेपलीकडे साहेब स्वतः यंत्रावर बसले होते. तिने खुर्ची ओढली, आणि समोरच्या गोल आरशात ती बाई दिसली, झुळूक, गाल वर, डोळे बारीक, पुढच्या वाक्याला तयार. तिने गाल खाली आणायचा प्रयत्न केला. ते आले नाहीत. तळहातांनी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिले, हात काढले की पुन्हा वर. हे इतकं हास्यास्पद होतं की खरोखरच हसू आलं असतं, आणि त्या हसण्याचीच तिला भीती वाटली. काचेपलीकडे साहेबांनी बोट वर केलं, तयार राहा. तिने आरशाचा चिमटा काढला. आरसा टेबलावर पालथा ठेवला. आता समोर कुणी नव्हतं, फक्त मायक्रोफोनची जाळी, थुंकीने थोडी गंजलेली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लाल दिवा लागला होता. तिने डोळे मिटले. वर पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या कडेवर अनवाणी पाय होते, बाहेर लोंबकळणारे, आणि ती खाली उभी होती, आणि दुसरं कुणी नव्हतं.

"हवामानाचा अंदाज," ती म्हणाली, आणि आवाज ऐकून स्वतःच दचकली. जाडाभरडा होता. शेवटाला थोडा फाटत होता. तो बाबांचा होता, आणि त्याच्याखाली तिचाच होता, इतकी वर्षं वापरात नसलेला. "अंतर्भागात उष्णतेची लाट कायम राहील. आज दुपारनंतर विजांचा कडकडाट आणि सोसाट्याचा वारा." खोडलेला शब्द तिने स्वच्छ वाचला. साहेब काचेपलीकडे उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं ओठांच्या कडांना लावून ते वर ओढून दाखवले, हसा, हसा. तिने त्यांच्याकडे बघत खोडलेली अख्खी ओळ वाचली, उघड्यावर आणि उंचावर काम करणाऱ्यांनी. साहेबांचा हात यंत्रावर गेला आणि तिथेच थबकला, कारण बातमी मध्येच तोडायची म्हणजे त्याचं उत्तर त्यांना वर द्यावं लागलं असतं. तेवढ्यात तिने मजकूर पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दुसऱ्यांदा वाचायची पद्धत नव्हती. कुठल्याच बातमीला नव्हती. तिने वाचलं, प्रत्येक शब्दावर पाय देत, आणि शेवटी कागदावर नसलेलं एकच वाक्य म्हणाली. "वर असाल तर खाली या." लाल दिवा विझला. कूलरची जाहिरात सुरू झाली तेव्हा तिचे गाल जागेवर होते.

साहेब दार लोटून आत आले. "हे काय होतं? हे काय होतं? मयत झाल्यासारखं वाचलंत तुम्ही! फोन सुरू झालेत तिकडे, बाईंना काय झालं म्हणून विचारतायत लोक!" "विचारू देत," ती म्हणाली. आवाज अजून तोच होता. साहेबांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं. तिच्या बोलण्याने कुणी मागे सरल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तिला त्याची चव आवडली, लपवायचं कशाला. "आणि नाही आलं वादळ तर? मैदान रिकामं राहिलं तर?" "न येऊ दे. उद्या ढग आले तर उद्याही असंच वाचीन, परवाही. चारच्या बातमीला मीच बसणार आहे." "ते मी ठरवीन." "ठरवा. पण मला काढायचं असेल तर आत्ता, माझ्या तोंडावर सांगा. मी रागावलेय हे तुम्हाला ऐकू येतंय ना?" येत होतं. तिने टेबलावरचा पालथा आरसा उचलला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुमच्या टेबलावर ठेवा."

व्हरांड्याच्या खिडकीशी जाईपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं. धुळीचा लोट नदी ओलांडून येत होता, पुलावरच्या गाड्यांनी भर दुपारी दिवे लावले होते. तिच्या कपाळाचा डाग काचेवर तसाच होता, त्याच्याशेजारून तिने बघितलं. पिवळा हात ताठ. वाऱ्याने खालचा कुठला तरी पत्रा उचलून फेकला, आणि तो हात अजून ताठच. तिने ओठ घट्ट मिटले. रडायचं नाही, आत्ता नाही, रडलं की आवाज पुन्हा मऊ पडेल. दूर कुठेतरी चमकलं. शेजारच्या लाल क्रेनचा हात हलला, कलला, आणि गोल फिरायला लागला. मग तिच्यापलीकडच्या दुसरीचा. ती मोजत नव्हती, ती एकच बघत होती. आणि मग तो पिवळा हात, इतका वेळ वाऱ्याशी हट्टाने भांडत उभा असलेला, जरासा डगमगला आणि सुटला. वाऱ्याने त्याला हळूच वळवलं, पाठ करायला लावली, आणि तो वळत राहिला, कुणाच्याही हुकमाशिवाय. केबिन रिकामी होती. पण शिडी होती, लोखंडाची, लांबलचक, आणि तिच्यावर कुठेतरी तो होता. आता विजा जवळ चमकत होत्या. ती खिडकीची चौकट धरून उभी राहिली. मागे साहेब येऊन उभे राहिले असावेत, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाचा वास येत होता.

फोन वाजला तेव्हा पहिले टपोरे थेंब काचेवरच्या धुळीत पडत होते. पलीकडे गलका होता, माणसं एकमेकांना हाका मारत पळत होती, आणि धाकटा धापा टाकत होता. हसत नव्हता.

"ताई," तो म्हणाला. "ताई, कोण गेलं?"

तिने खिडकीची चौकट सोडून फोन दोन्ही हातांनी धरला.

"सांग ना. मुकादम वॉकीटॉकीवर ओरडला, बाईंच्या घरी काहीतरी झालंय, उतरा सगळे. अख्खी शिडी मी एकेकाचं नाव आठवत उतरलो. कोण गेलं, ताई?"

"कोणी नाही," ती म्हणाली, त्याच आवाजात. "कोणी नाही गेलं. आत जाऊन बस."